वजनात खोट

माझं उभं आयुष्य वजनात गेलं. म्हणजे वजन वाढवण्यात गेलं असं नव्हे, ते काम मी नोकरी सांभाळून केलं. वजने व मापे खात्यात मी निरीक्षक होतो. या खात्याला आता वैधमापन शास्त्र असं भारदस्त नाव आहे आणि २०११ सालापासून त्याला नवा कायदाही आहे. पण बाजाराच्या दृष्टीनं आम्ही आपले 'काटेवाले साहेब'. आठवडे बाजारात मी शिरलो की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बातमी माझ्याआधी पोचायची आणि भाजीवाल्या बायका पदरानं तराजू पुसायला लागायच्या.

तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवणारे मी पाहिले. लोहचुंबक लावणारे पाहिले. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरून वजन बरोबर करतात आणि वर सरकारी शिक्का मारतात. ते शिसं अलगद काढून त्या जागी डांबर भरणारे कलावंतही मी पाहिले. सांगायचा मुद्दा असा की वजनात खोट कशी करतात हे मला जितकं ठाऊक आहे तितकं साताऱ्यात क्वचित कुणाला ठाऊक असेल. ही विद्या निवृत्तीनंतर मला फार उपयोगी पडली. कशी, तेच आता सांगायचं आहे, आणि सांगायला थोडी लाज वाटते आहे.

आमचं मूळ घर सांगलीचं. वडील हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. माझी थोरली बहीण, तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, आणि मी, आमची दोघांची आयुष्यातली पहिली वजनं मिरज स्टेशनवर झाली. त्या काळी फलाटावर ते तांबडं यंत्र असायचं. वर उभं राहिलं की आत रंगीत चक्रं फिरायची, दिवे लुकलुकायचे आणि नाणं टाकलं की खट्ट करून पुठ्ठ्याचं तिकीट खाली पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. वडिलांनी नाणं दिलं एकच. मग आम्ही दोघं एकदमच यंत्रावर चढलो. त्रेसष्ट किलो आले. त्यात कुणाचे किती, यावर गाडी येईपर्यंत भांडण झालं. भविष्याच्या बाजूला छापलं होतं की आपला स्वभाव अत्यंत सरळ आणि प्रामाणिक आहे. ते वाक्य दोघांत कुणाचं यावर मात्र आम्ही भांडलो नाही. भांडायला हवं होतं.

नोकरीच्या निमित्तानं मी साताऱ्याला आलो आणि इथलाच झालो. सातारा हे गाव वजनाच्या दृष्टीनं मोठं दुटप्पी आहे. एका बाजूला अजिंक्यतारा, यवतेश्वरचा घाट, सज्जनगड, म्हणजे घराबाहेर पाऊल टाकलं की चढ. दुसऱ्या बाजूला कंदी पेढा. डोंगर म्हणतो चढ, पेढा म्हणतो बस. तीसेक वर्षं मी पेढ्याचं ऐकलं. त्याचा परिणाम रक्त तपासणीच्या कागदावर उतरला तेव्हा डॉक्टरांनी मला समोर बसवलं. हे डॉक्टर माझ्या मित्राचे चिरंजीव. त्यामुळं ते 'काका' म्हणून सुरुवात करतात आणि दुसऱ्या वाक्याला माझे वडील होतात.

"काका, उंची एकशे पासष्ट सेंटिमीटर, वजन ऐंशी. म्हणजे निर्देशांक एकोणतीसच्या पुढं गेला. साखर काठावर आहे. आठ किलो उतरवा, नाहीतर काठावरून आत पडाल."

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, असा हा निर्देशांक आहे. खात्यातला माणूस असल्यामुळं मी त्याचं मूळ शोधलं. हे गणित १८३२ च्या सुमाराला मांडलं क्वेटले नावाच्या एका बेल्जियन गृहस्थानं. तो डॉक्टर नव्हता. खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्र हे त्याचे विषय, आणि त्याला शोध होता तो सरासरी माणसाचा. सरासरी माणूस शोधता शोधता शेवटी तो माझ्यापर्यंत येऊन पोचला. त्यातही गंमत अशी की गोऱ्या लोकांना तीसपर्यंत 'जादा वजनाचा' एवढ्यावर सोडतात. आपल्याकडं तेविसाच्या पुढं जादा आणि पंचविसाच्या पुढं सरळ लठ्ठ. कारण आपल्या माणसाची चरबी पोटात साठते आणि कमी वजनातच मधुमेह गाठतो. म्हणजे हाच देह घेऊन मी बेल्जियमला गेलो असतो तर लठ्ठ ठरलो नसतो. पण तिथलं तिकीट काढण्यापेक्षा चालणं स्वस्त, असं घरातून मत पडलं.

चालायला लागलो. पहाटे समर्थ मंदिरावरून यवतेश्वरच्या घाटाकडं. या घाटात २०१२ पासून दर वर्षी एकवीस किलोमीटरची हिल मॅरेथॉन होते. २०१५ साली एकाच डोंगरावर एवढे लोक धावले की गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली. त्यामुळं साताऱ्यात पहाटे चालणाऱ्या माणसाची एक पंचाईत असते. तुम्ही घामाघूम होऊन पहिल्या वळणाशी टेकता आणि तुमच्या वयाचा एखादा निवृत्त मुख्याध्यापक चड्डी घालून वरून धावत खाली येतो आणि जाता जाता 'छान, छान' म्हणतो. त्या 'छान'इतका अपमान मला नोकरीत कुणी केला नाही.

हिशेब करायची जुनी खोड. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे सात हजार सातशे कॅलरी. माझ्यासारख्या देहानं तासभर भरभर चाललं तर जळतात तीनशेच्या आसपास. म्हणजे एक किलो उतरवायला चालायचं पंचवीस तास. तासाला पाच किलोमीटर धरा. सव्वाशे किलोमीटर झाले. हा आकडा कुठंतरी ओळखीचा वाटला, आणि मग लक्षात आलं की साताऱ्याहून निघून कऱ्हाड, पेठ नाका करत सांगलीला आक्काच्या दारात पोचावं, तेव्हा एक किलो जातो. तोही आक्कानं चहाबरोबर भडंग पुढं केलं नाही तर. दोन कंदी पेढे म्हणजे अर्धा-पाऊण तासाची चाल. म्हणजे पेढे खाल्ले की मी उंब्रजच्याही अलीकडंच राहणार.

नुसत्या चालण्यानं काही होणार नाही असं वाटून सूर्यनमस्काराचा विचार आला आणि एका रविवारी मी औंधला जाऊन आलो. औंध सातारा जिल्ह्यातच. पण जुन्या औंध संस्थानाचा पसारा असा विस्कटलेला की त्यातलं आटपाडी आणि कुंडल आज सांगली जिल्ह्यात आहे. तेव्हा सातारा आणि सांगली या दोघांनी मिळून अभिमान धरावा असे राजे म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. मोठा विलक्षण माणूस. स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे. तरुणपणी त्यांनी युजेन सँडो या युरोपातल्या पहिलवानाच्या पद्धतीचा व्यायाम दहाएक वर्षं केला. मग १९०८ च्या सुमाराला मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून सूर्यनमस्कार सुरू केले आणि ते आयुष्यभर सोडले नाहीत. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले, त्यावर पुस्तक लिहिलं. १९३८ मध्ये लंडनला इंग्रजीत पुस्तक निघालं, त्यामुळं इंग्रजसुद्धा सूर्याला नमस्कार घालू लागले. त्यांच्या देशात सूर्य क्वचित निघतो ही गोष्ट वेगळी.

यमाईच्या डोंगरावरच्या पायऱ्या चढताना मी तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा याच माणसाचा विचार केला. १९३९ साली या राजानं आपल्या प्रजेला राज्यघटना देऊन टाकली. सत्ता सोडली! आणि मला स्टँडवरचा वडा सोडवत नाही. राज्य सोडणं त्या मानानं सोपं असावं. ते एकदाच सोडायचं असतं. वडा रोज सोडावा लागतो.

औंधाहून आलो तो बारा नमस्कारांचा निश्चय करून. पहिल्या दिवशी चार झाले. चौथ्यात जमिनीला टेकलेला मी बराच वेळ तसाच राहिलो, तेव्हा आमच्या हिनं स्वयंपाकघरातून विचारलं, "सूर्य मावळेपर्यंत तसेच राहणार का?"

आता मुख्य गोष्ट. हे सगळं एकट्यानं व्हायचं नाही म्हणून मी आक्काशी करार केला. आक्का सांगलीत गावभागात एकटी राहते. मुलगी पुण्याला. आक्काला मधुमेह आहे, गुडघे दुखतात, वजन चौऱ्याहत्तर. करार असा, की दोघांनी दर रविवारी सकाळी काट्यावर उभं राहायचं आणि आठ वाजता फोनवर एकमेकांना आकडा सांगायचा. अट एकच होती, आणि ती आक्कानं घातली. "खरं सांगायचं हं, बाळ."

आक्काची आकड्यावर श्रद्धा आहे, आणि ती तिला सांगलीनं शिकवली आहे. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना 'कसं काय' म्हणत नाहीत. 'आयर्विनला किती' म्हणतात. आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी चाळीस फुटांवर गेली की इशारा, पंचेचाळिसावर धोका. आक्काच्या घरात भिंतीवर दोन रेघा आहेत, एक २००५ च्या पुराची आणि तिच्याही वर २०१९ ची. नदीच्या काठी राहणाऱ्या माणसाला आकडा हा गप्पांचा विषय नसतो. त्यावर गाद्या माळ्यावर चढवायच्या की घर सोडायचं हे ठरतं. कुणी दोन फूट कमी सांगितलं तर माणसं बुडतील. हे सगळं मला माहीत होतं. मीही त्याच नदीचं पाणी पिऊन वाढलो.

पहिल्या रविवारी मी ऐंशी, आक्का चौऱ्याहत्तर. दुसऱ्या रविवारी मी एकोणऐंशी पूर्णांक चार, आणि हा आकडा खरा होता. काय आनंद झाला म्हणून सांगू! आक्का म्हणाली, "बघ की! माझं आहे तिथंच आहे बाई." तिसऱ्या आठवड्यात एका पुतण्याचं लग्न निघालं. रविवारी काट्यानं एकोणऐंशी पूर्णांक आठ दाखवले. मी काट्याकडं पाहिलं. त्या दिवशी पायजमा जाड होता. आमच्या व्यवहारात डब्याचं किंवा पोत्याचं वजन आधी काढून टाकतात, त्याला धडा करणं म्हणतात. बारदानाचं वजन गिऱ्हाइकाच्या माथी मारणं हा गुन्हा. मग माझ्या देहावर पायजम्याचं बारदान का लादावं? मी धडा केला. पायजमा, बनियन, जानवं, चष्मा, आदल्या रात्रीचं लग्नातलं जेवण (हे अजून माझं झालेलं नव्हतं, वाटेत होतं), असं सगळं वजा जाता एकोणऐंशी पूर्णांक दोन निघाले. आठ वाजता फोनवर तेच सांगितले.

पुढचं सांगायला नको. डांबर एकदा भरलं की दर वेळी थोडं जास्त भरावं लागतं. पुढच्या रविवारी मागच्यापेक्षा कमी सांगणं भागच होतं. माझ्याकडं दोन वह्या झाल्या. एकीत खरं वजन, दुसरीत आक्काला सांगितलेलं. दोन वह्या ठेवणारे व्यापारी मी आयुष्यभर नावं ठेवत पाहिले. पण खरं सांगतो, दोन वह्या ठेवणं हे फार मेहनतीचं काम आहे. त्या लोकांबद्दल माझ्या मनात नव्यानं आदर निर्माण झाला. पाच महिन्यांनी खऱ्या वहीत अठ्ठ्याहत्तर पूर्णांक सात होते आणि खोट्या वहीत चौऱ्याहत्तर पूर्णांक आठ. म्हणजे मी सव्वा किलो उतरलो होतो आणि पाच किलोंची वाहवा घेत होतो.

मी स्वतःची समजूत कशी घातली तेही सांगतो. मी म्हटलं, या खोट्यात नुकसान कुणाचं? बाजारात पन्नास ग्रॅम कमी दिले तर गिऱ्हाइकाचा खिसा कापला जातो. इथं मला विकत कोण घेतंय? उलट माझा आकडा ऐकून आक्काला हुरूप येईल. म्हणजे हे खोटं नव्हेच, हे औषध आहे. एक जुनी गोष्टही आठवली. एका आठवडे बाजारात एका किराणावाल्याचं हलकं वजन मी पकडलं होतं. तो हात जोडून म्हणाला होता, "साहेब, एवढ्यानं कुणाचं काय बुडतं?" मी त्याला भर बाजारात पाच मिनिटं सुनावलं होतं. काय सुनावलं ते मात्र आता काही केल्या आठवेना.

आणि आणखी एक प्रश्न मला त्या दिवसांत फार छळायचा. वजन उतरणं ही चांगली गोष्ट, हे कबूल. पण ते पुण्य आहे का? उतरलेल्या माणसाकडं लोक असं बघतात की जणू त्यानं कुणाला तरी बुडताना वाचवलं. आणि जाड्या माणसाकडं असं, की जणू त्यानं कुणाच्या तरी ताटातलं ओढून खाल्लं. आपल्या खाशाबा जाधवांचंच घ्या, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते बावन्न किलोच्या गटात लढले, सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला सत्तावन्न किलोच्या गटात लढले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक घेऊन आले. पाच किलोंनी गट वाढला तेव्हा पदक मिळालं! त्यांच्यासाठी लोकांनी वर्गण्या काढल्या, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकलं. त्या वजनाची किंमत किलोत कशी करणार? आणि आता तर वजन उतरवणारी, आठवड्याला एक घ्यायची इंजेक्शनं २०२५ पासून आपल्याकडंही दाखल झाली आहेत. आमच्या फिरायला येणाऱ्या मंडळींत एका गृहस्थांनी ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं सुरू केली. बाकीचे त्यांच्याबद्दल असं बोलायला लागले की जणू ते परीक्षेत कॉपी करून पास झाले. मी त्यांची बाजू घेऊन मोठ्यानं भांडलो. साखर खाली आली, रक्तदाब खाली आला, मग घाम गाळला नाही म्हणून पाप कसलं? माझा मुद्दा अजूनही मला बरोबर वाटतो. फक्त तो मांडताना मी स्वतः इंजेक्शनही न घेता आणि घामही न गाळता पाच किलो उतरलेला होतो, एवढीच अडचण होती.

एका गुरुवारी रात्री पुण्याहून भाचीचा फोन आला. आक्का घरात पडली. मधुमेहाची गोळी घेतली होती आणि जेवली नव्हती. साखर एकदम खाली गेली. शेजारच्या बाईंनी आवाज ऐकला, दार उघडंच होतं म्हणून बरं. त्यांनी साखरेचं पाणी पाजलं, डॉक्टरांना बोलावलं. आता ठीक आहे, पण मामा, तू जवळ आहेस, जाऊन ये.

सकाळच्या पहिल्या एसटीनं निघालो. उंब्रज गेलं. समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी बहुतेक या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात आहेत. उंब्रजला एक, मसूरला, शहापूरला, चाफळला दोन, पलीकडं बहे-बोरगावला, बत्तीस शिराळ्याला. बलाची उपासना करावी म्हणून गावोगाव उभे केलेले. त्यातला एकही मारुती काट्यावर उभा राहिलेला नाही. मी खिडकीतून हात जोडले आणि लगेच खाली घेतले.

आक्का कॉटवर बसून शेंगा फोडत होती. कपाळाला खोक पडली होती, पट्टी होती. चेहरा एवढासा झालेला.

"जेवली का नाहीस?" मी विचारलं.

"आठ दिवस रात्रीचं सोडलंय."

"कुणी सांगितलं सोडायला?"

"कोण सांगणार? तुझं पाच किलो उतरलं. तू पेढे खाणारा माणूस, तुझं उतरतं, आणि माझं पाच महिन्यांत पाऊण किलो. म्हटलं, माझ्यातच काहीतरी खोट आहे. मन घट्ट नाही माझं. दर रविवारी तुला आकडा सांगायची लाज वाटायला लागली बघ. मग म्हटलं रात्रीचं सोडून बघू."

धर्मराजाचा रथ म्हणे जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, आणि ते हत्तीचं अर्धवट बोलल्याबरोबर खाली टेकला. लहानपणी मला वाटायचं, एवढ्या मोठ्या युद्धात चार बोटांचं काय एवढं? त्या कॉटशेजारच्या खुर्चीत बसल्यावर कळलं, रथ टेकतो तेव्हा कसं वाटतं ते. आणि त्याच्या खोट्यात निदान हत्ती तरी खरा मेला होता.

सांगावं की सांगू नये? न सांगण्याच्या बाजूनं बरीच कारणं होती. तिला आताच बरं वाटतंय, धक्का बसेल. पुढच्या रविवारपासून हळूहळू खोटा आकडा वाढवत खऱ्यापर्यंत आणता येईल, कुणाला कळणारही नाही. हा शेवटचा उपाय तर फारच नामी होता. खात्यातल्या माणसालाच सुचावा असा. एसटी पेठ नाक्याला वळली तेव्हाच मी तो मनात जवळजवळ पक्का केला होता. पण 'माझ्यातच खोट आहे' हे वाक्य मध्ये येऊन बसलं. मी भरलेलं डांबर ती स्वतःच्या वजनात शोधत होती.

मी सांगितलं. सगळं. दोन्ही वह्यांचं, पायजम्याचं. बोलताना थोडं विनोदानं सांगायचा प्रयत्न केला. आक्का हसली नाही. शेंगा फोडायची थांबली.

"म्हणजे किती उतरलं खरं?"

"सव्वा किलो."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तोंडानं."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "साताऱ्याहून इथं चालत यावं तेव्हा एक किलो जातो, असं तूच सांगितलं होतंस ना? मी शेजारी सगळ्यांना सांगितलं, माझा भाऊ पाच वेळा चालत आला असता एवढं चाललाय म्हणून." आणि उठून आत गेली. दुपारी जेवायला वाढलं, पण माझ्याशी बोलली नाही. आक्का रागावली की भांडी मोठ्यानं ठेवते. त्या दिवशी तीही हळू ठेवली, त्यामुळं मी जास्त घाबरलो.

संध्याकाळी काहीतरी करायला हवं म्हणून मी तिचा काटा तपासायला घेतला. तो कमानीवरचा घरगुती काटा, न्हाणीघराच्या दाराशी ठेवलेला. असल्या काट्याला आमच्या खात्याचा शिक्का लागत नाही. त्यावर व्यापार होत नाही म्हणून. (आता वाटतं, लागायला हवा.) कोपऱ्यावरच्या दुकानातून दहा किलोची तांदळाची बंद पिशवी आणून ठेवली. काटा साडेअकरावर. पाच किलोची पिठाची ठेवली. साडेसहा. दोन्ही एकदम ठेवल्या तर साडेसोळा. मी आनंदानं ओरडलोच.

"आक्का! तुझा काटा दीड किलो जास्त दाखवतो! तू चौऱ्याहत्तर नव्हतीसच कधी. साडेबाहत्तर होतीस! म्हणजे बघ, पाच महिने तूही चुकीचाच आकडा सांगत होतीस."

मला वाटलं, आता आम्ही दोघं एका पातळीवर आलो. आक्का दारात येऊन उभी राहिली. हात पुसले.

"दीड किलो रोज जास्त दाखवतो?"

"रोज."

"कधी एक, कधी दोन, असं नाही?"

"नाही. कायम दीड."

"मग पाऊण किलो उतरलं ते बरोबरच आहे की," ती म्हणाली. "त्याची चूक रोजची तीच आहे. त्याच्यावर विसंबून राहता येतं. तुझी दर रविवारी वेगळी."

तीसेक वर्षांच्या नोकरीत मी हेच लोकांना शिकवत होतो. कायमची चूक काढून टाकता येते, रोज बदलणारी चूक सापडत नाही, असला काटा सरळ जप्त करायचा. पण ते इतकं थोडक्यात मला कधी सांगता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं मला उठवलं. हरिपूरच्या रस्त्यानं आम्ही चाललो. ती गुडघ्यामुळं सावकाश, आणि मी तिच्यामुळं सावकाश, असं मी म्हणणार होतो. पण खरं म्हणजे मीही सावकाशच चालतो. हरिपूरला पूर्वी हळदीची पेवं असायची, जमिनीच्या पोटात खोल, त्यात वर्षानुवर्षं हळद राहायची. २००५ च्या पुरात त्यातली पुष्कळ गेली. आक्का माझ्या पोटाकडं बघून म्हणाली, "एक शिल्लक आहे." रुसवा गेल्याची ती पहिली खूण. संगमापर्यंत काही आमच्यानं जाववलं नाही. अर्ध्यातून परत फिरलो, आणि घरी येऊन तिनं मला काट्यावर उभं केलं. ऐंशी पूर्णांक दोन. दीड वजा जाता अठ्ठ्याहत्तर पूर्णांक सात. तिनं तो आकडा कॅलेंडरवर लिहिला आणि खाली माझी सही घेतली.

रात्रीचं जेवण तिनं पुन्हा सुरू केलं आहे. गोळी आणि जेवण यांची वेळ डॉक्टरांनी लिहून दिली आहे. माझे नमस्कार आठपर्यंत आलेत. घाटातल्या मुख्याध्यापकांना मी आता उलट 'छान' म्हणतो. दुसरी वही रद्दीत घालायला हिच्याकडं दिली, तर तिनं ती कोऱ्या पानांसाठी ठेवून घेतली. दुधाचा हिशेब लिहिते.

दर रविवारी आठला फोन येतो. परवा मी सांगितलं, "एकोणऐंशी पूर्णांक एक. वाढलं. पेढे खाल्ले."

"किती?"

"चार."

"पायजमा?"

"पायजम्यासकट."

"बरं. माझं चौऱ्याहत्तर पूर्णांक एक," आक्का म्हणाली. "आणि त्यातून दीड वजा करू नकोस. मी काट्यावर दिसतं तेच सांगणार."